साध्या वस्तीतलं उंची किराणा दुकान: काही महिने वापरल्यावर

मागच्या आठवड्यात दुकानाने सुट्ट्या मालाचा विभाग काढून टाकला, म्हणून लिहायला बसले. दुकान किती मोठं आहे, आत काय काय मिळतं हे सांगत बसत नाही. अशी दुकानं सगळ्यांनी पाहिली आहेत. हे मात्र कमी उत्पन्नाच्या वस्तीत उघडलं, आणि अशा जागी असं दुकान असावं का, यावर पाटी लागायच्या आधीपासून वाद चालू आहे. मी त्याच वस्तीत राहते, घरखर्चही मीच बघते. त्यामुळे माझं मत बिलावरून ठरलेलं आहे.

उघडलं तेव्हा मी विरोधात होते. घरभाडी वाढतील, जुन्या दुकानदारांचा धंदा बसेल आणि आम्ही नुसते काचेतून बघत राहू, असं वाटत होतं. वापरायला लागल्यावर मत बदललं. भाजी-फळं ताजी मिळतात, तारीख उलटून गेलेलं पाकीट आजवर हाती लागलेलं नाही, उजेड आणि स्वच्छता चांगली. पण एवढ्यावर मी जुनं दुकान सोडलं नसतं. मला तिथे खेचलं ते सुट्ट्या मालाने.

भिंतीला ओळीने पारदर्शक उभे डबे, प्रत्येकाखाली खटका. खटका ओढला की माल पिशवीत पडतो, पिशवी काट्यावर ठेवायची, बटण दाबलं की वजन आणि रक्कम छापलेली चिठ्ठी बाहेर येते. एकदा माझ्यापुढे एक बाई उभी होती. ती खटका अगदी जरासाच ओढायची, पिशवी काट्यावर ठेवून रक्कम बघायची, परत जाऊन चिमूटभर आणखी घ्यायची. मुठीतल्या पैशांशी आकडा जुळल्यावरच तिने चिठ्ठी काढली. मागे रांग होती, पण कोणी काही बोललं नाही. त्या डब्यातला दर तिला जो होता तोच पोतंभर नेणाऱ्यालाही होता. बाकी सगळ्या दुकानभर लहान पाकीट घेणारा किलोमागे जास्त मोजतो.

हातावर पोट असणाऱ्याला वस्तू महाग पडते ती याच जागी. मिशिगन विद्यापीठातले येशीम ओरहुन आणि माइक पलाझोलो यांनी अमेरिकेतल्या कुटुंबांच्या टॉयलेट पेपरच्या खरेदीचा अभ्यास केला होता. हा माल खराब होत नाही आणि जास्त आणला म्हणून जास्त खपतही नाही, त्यामुळे हिशोब स्वच्छ लागतो. कमी उत्पन्नाच्या घरांना मोठा गठ्ठा घेणं आणि सवलत असताना साठा करून ठेवणं कमी जमतं, आणि काटकसरीचे हे दोन्ही मार्ग बंद झाल्याने त्यांना तोच माल महाग पडतो, असं त्यातून दिसलं. महिन्याच्या सुरुवातीला हातात पैसे असतात तेव्हा हा फरक कमी होतो. म्हणजे गरिबाला हिशोब कळत नाही, हा आरोपच खोटा. त्याच्याकडे त्या दिवशी तेवढी रोकड नसते, एवढंच.

तर हा विभाग गेला. मॅनेजरसाहेबांना विचारलं तर आधी म्हणाले, सांडलवंड फार होते. मग म्हणाले, स्वच्छतेचा प्रश्न आहे. शेवटी म्हणाले, "मॅडम, इथे त्याला मागणी नाही." रांग लागायची त्या विभागाला मागणी नाही! मी त्यांच्याच सधन भागातल्या शाखेत जाऊन आले. तिथे डबे जागच्या जागी आहेत, तेच खटके, तोच काटा. आमच्याकडे त्या भिंतीला आता सीलबंद पाकिटं लागली आहेत आणि त्यातलं सगळ्यात लहान पाकीटही त्या बाईला परवडणार नाही. वस्तू तीच, दुकान तेच, पण दार तिच्यापुरतं बंद झालं. दराच्या पट्टीवर किलोमागचा भाव इतक्या बारीक अक्षरात आहे की चष्मा लावूनही वाकावं लागतं, हे वेगळंच.

असं दुकान नीट चालवायचं तर मेहनत लागते, आणि ती घेऊनही ते टिकेलच असं नाही. अमेरिकेत शिकागोच्या एंगलवूड या गरीब भागात होल फूड्स या उंची किराणा साखळीने २०१६ साली दुकान काढलं. जागेच्या विकासासाठी शहराने १ कोटी ७ लाख डॉलर दिले होते आणि कंपनीने काही रोजच्या वस्तूंचे भाव इतर शाखांपेक्षा कमी ठेवले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते बंद झालं. सार्वजनिक पैसा देताना दुकान किती वर्षं चालवायचं आणि काय विकायचं, हे दोन्ही कागदावर बांधून घ्यायला हवं, असं माझं ठाम मत झालं आहे. नारळ फोडताना दिलेल्या आश्वासनावर वस्तीने आपलं जुनं दुकान गमावू नये.

विरोधक दुसरा मुद्दा काढतात: दुकान आल्याने लोकांचं खाणं सुधारत नाही. त्यात तथ्य आहे. हंट ऑलकॉट हे अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली अमेरिकेतल्या आकडेवारीवरून दाखवलं की गरीब घरांना श्रीमंतांइतकाच माल त्याच भावात मिळाला तरी दोघांच्या आहारातली तफावत साधारण १० टक्केच कमी होईल. नवं दुकान उघडलं की मुख्यतः दूरच्या दुकानांच्या फेऱ्या तिकडे वळतात. पण ही वळलेली फेरी म्हणजे कुणाचा तरी बसचा खर्च, पोरांना शेजारी ठेवून दोन्ही हातांत ओझं घेऊन केलेला प्रवास. तो वाचतो. आहार सुधारला तरच दुकान योग्य, ही अट श्रीमंत वस्तीतल्या दुकानाला कोणी घालत नाही, आम्हालाच का? अमेरिकेतल्याच पिट्सबर्ग शहरातल्या हिल डिस्ट्रिक्ट या कमी उत्पन्नाच्या वस्तीत २०१३ साली बऱ्याच वर्षांनी सुपरमार्केट आलं (तेही २०१९ ला बंद पडलं). रँड या संशोधन संस्थेने तिथल्या रहिवाशांची पाहणी केली. वस्तीचा आहार थोडा सुधारला, पण तो दुकानात नेहमी जाणाऱ्यांचाच जास्त सुधारला असं काही दिसलं नाही. नेहमी जाणाऱ्यांना फरक जाणवला तो हाच, की चांगलं अन्न आता आपल्या आवाक्यात आहे. मला ते समजतं. आमच्याकडेही ते जाणवत होतं, डबे होते तोवर.

म्हणून असं दुकान आमच्या वस्तीत यावं, असंच माझं मत आहे. फक्त ते वस्तीच्या मापाने विकणारं हवं. सुटं घेता यावं, थोडं घेणाऱ्याला दर तोच लागावा आणि किलोमागचा भाव मोठ्या अक्षरात असावा. सेंद्रियचं कपाट असलं काय आणि नसलं काय, मला फरक पडत नाही.

मॅनेजरना लेखी तक्रार दिली आहे, खाली शेजारणींच्या सह्या आहेत. पोच मिळाली, उत्तर आलेलं नाही. तोवर भाजी-फळं तिथून आणि बाकी वाणसामान जुन्याच दुकानातून. सध्या पाचपैकी अडीच. डबे परत लागले तर चार करेन.