युगांडात अनाथ मुलांसाठी घर बांधायला जाताय? वसतिगृह, छोटी घरं की आजीचं घर

मंडळीतून, म्हणजे आपल्या चर्चमधून, कुणी आफ्रिकेत अनाथ मुलांचं घर बांधायला निघालं की बोलणं बहुधा तिकीट, वर्गणी आणि लसी यांवरच संपतं. त्याआधीचा प्रश्न मागे राहतो: तिथे नेमकं काय बांधायचं, आणि आपण किती काळ राहायचं? हे चुकलं तर उत्तम बांधलेली इमारतही मुलांच्या उपयोगाची उरत नाही. पुढची तुलना युगांडापुरती आहे. पर्याय शेजारी शेजारी मांडले आहेत, पण आमचं मत झाकून ठेवलेलं नाही.

मुलं कोणती, हे आधी

आई किंवा वडील यांपैकी एक जण गेला तरी युनिसेफच्या आकडेवारीत ते मूल अनाथांत धरलं जातं. त्यामुळे मोठे आकडे ऐकून घाबरू नका. यातल्या बहुतेक मुलांना आई, वडील, आजी, मामा किंवा काका असतात. एड्सच्या लाटेत 1990च्या दशकात परिस्थिती भीषण होती. 2004 पासून युगांडात एचआयव्ही रोखणारी एआरटी औषधं सरकारी दवाखान्यांत मोफत मिळू लागली आणि आईबाप जगू लागले.

आपल्या मनात केडगावचं मुक्ती मिशन असतं. पण पंडिता रमाबाईंनी ज्या मुली आणल्या त्या 1896-97च्या दुष्काळातून. तेव्हा मुलींना सांभाळणारे नातेवाईकच उपाशी होते. आज युगांडात मसाका किंवा म्बाले या शहरांकडचं मूल आश्रमात येतं ते बहुधा शाळेची फी भागत नाही म्हणून. दोन्हींवरचा उपाय एकच असू शकत नाही.

तीन वाटा

पहिली वाट, 40-50 मुलांचं एकच मोठं वसतिगृह. बांधायला सोपं, फोटोत भव्य, दर खाटेमागचा बांधकाम-खर्च सगळ्यांत कमी. देणगीदारांना हेच आवडतं. पण चालवायला हेच सगळ्यांत कठीण. रात्री एक-दोन मेट्रनवर सगळी मुलं, आजार एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर, लहान मुलाला जवळ घेणारं कुणी ठरलेलं नाही. आगीचा धोका तर फारच. 2008 मध्ये कंपालाजवळच्या एका शाळेच्या वसतिगृहाला रात्री आग लागून वीसच्या आसपास जीव गेले, त्यात बहुतेक लहान मुली होत्या. चोरांच्या भीतीने खिडक्यांना पक्के गज आणि दाराला बाहेरून कुलूप, ही पद्धत अजून सर्रास दिसते. वसतिगृह बांधावंच लागलं तर दोन टोकांना दोन दारं, बाहेर उघडणारी, आतून खिट्टीची. आणि प्रत्येक खोलीत एक तरी गजांची चौकट आतून उघडणारी ठेवा.

दुसरी वाट, एका आवारात छोटी घरं: प्रत्येकात एक आई (मुलांना सांभाळणारी पगारी बाई) आणि 8 ते 10 मुलं, स्वतःची चूल, स्वतःची बाग. हेर्मान ग्मायनर यांनी 1949 मध्ये ऑस्ट्रियात सुरू केलेल्या एसओएस बालग्रामांची हीच रीत, आणि युगांडातल्या ‘वातोतो’ या संस्थेची मुलांची वस्तीही याच धर्तीची. मुलांना जिव्हाळा मिळतो, भावंडं एकत्र राहतात. घरटी एक चूल, एक संडास, एक टाकी म्हणजे बांधकाम महाग. आणि या वाटेचं खरं ओझं आईच्या पगाराचं: तिची रजा, तिचं म्हातारपण, ती सोडून गेली तर काय. पुढच्या 10 वर्षांच्या पगाराची सोय दिसत नसेल तर पायाच खणू नका.

तिसरी वाट, आश्रम बांधायचाच नाही. 6 ते 8 खाटांचं तात्पुरतं निवारागृह ठेवायचं, आणि उरलेला पैसा मूल ज्या घरात परत जाऊ शकतं त्या घरावर लावायचा: गळकं छप्पर, संडास, पाण्याची टाकी, शाळेची फी, दवाखान्याचं भाडं. साधारण 5 बाय 6 मीटरच्या घराला 3 मीटर लांबीचे 22 ते 24 पत्रे पुरतात. पत्रा 28 गेजचा घ्या. स्वस्तातला 30 गेजचा पातळ पत्रा वाऱ्यात खिळ्याभोवती फाटतो. टांझानियाच्या कागेरा भागात 1990च्या दशकात जागतिक बँकेने केलेल्या तुलनेत एका मुलाला संस्थेत ठेवण्याचा वर्षाचा खर्च कुटुंबात सांभाळण्याच्या जवळजवळ सहापट निघाला होता.

आमचा कौल तिसऱ्या वाटेला. ज्यांना खरोखर कुणीच नाही किंवा घरात मारहाण आहे अशा मुलांसाठी दुसरी. पहिलीला नाही. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात अनाथ आणि विधवा यांची नावं एका दमात येतात. युगांडात ती विधवा बहुतेकदा त्या मुलाची आजी असते, तिला तिथल्या लुगांडा भाषेत ‘जज्जा’ म्हणतात, आणि तिचं छप्पर दुरुस्त करणं हेही पूर्णपणे मिशनचंच काम आहे.

कायद्याचा रोखही तिकडेच आहे. युगांडात मूल ठेवून घ्यायला कोर्टाचा आदेश लागतो. हा आदेश जास्तीत जास्त 3 वर्षांचा किंवा मूल 18 वर्षांचं होईपर्यंतचा असतो, यातलं जे आधी येईल ते, आणि दर वर्षी कोर्टाने त्याचा फेरविचार करायचा असतो. जिल्ह्याच्या प्रोबेशन आणि समाजकल्याण अधिकाऱ्याला डावलून मुलं गोळा करणारी संस्था कितीही प्रार्थनाशील असली तरी बेकायदा आहे. 2013च्या नियमांनुसार बालगृह मंजूर करून घ्यावं लागतं. शेजारी तर याहून पुढे गेले आहेत: रवांडाने 2012 मध्ये अनाथाश्रम बंद करून मुलं कुटुंबांत पाठवण्याचं धोरण स्वीकारलं, केनियाने 2017 मध्ये नव्या संस्थांची नोंदणी थांबवली. पन्नास वर्षं टिकणारं वसतिगृह बांधायला निघालेल्यांनी हे डोळ्यांसमोर ठेवावं.

जमीन

इथे सगळ्यांत जास्त पैसा बुडतो. परदेशी व्यक्तीला किंवा संस्थेला युगांडात जमीन मालकीची मिळत नाही, भाडेपट्ट्याने मिळते, जास्तीत जास्त 99 वर्षांसाठी. कंपालाभोवतीच्या बुगांडा भागात ‘माइलो’ जमिनीचा मालक एक आणि तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या बसलेला ‘किबांजा’धारक, म्हणजे कूळ, दुसरा, असं असतं. मालकाकडून कागद घेतला आणि कुळाचा हक्क सोडवलाच नाही, की कुंपण घालायच्या दिवशी भांडण उभं राहतं. नोंदणी कार्यालयात शोध, सर्व्हेअरकडून हद्दीची खूण आणि एलसी-1 म्हणजे गावच्या स्थानिक परिषदेच्या अध्यक्षासमोर शेजाऱ्यांच्या सह्या, हे तिन्ही झाल्याशिवाय इसार देऊ नका.

भाजलेली वीट की दाबलेला ब्लॉक

भाजलेली वीट गावोगाव मिळते, प्रत्येक गवंड्याला जमते. तोटा हा की आवा लाकडावर पेटतो आणि आसपासची झाडं जातात. वीट वेडीवाकडी असते, म्हणून सांध्यात 2 ते 3 सेंटीमीटर माल भरावा लागतो आणि सिमेंट तिथेच संपतं.

दुसरा पर्याय म्हणजे माती-सिमेंटचा, एकमेकांत अडकणारा दाबीव ब्लॉक. माकेरेरे विद्यापीठाच्या डॉ. मोझेस मुसाझी यांनी हा ब्लॉक युगांडात विकसित केला. हाताने दाबायचं यंत्र, भट्टी नाही, सांध्यात माल अगदी पातळ. ब्लॉक साधारण 26.5 बाय 14 बाय 10 सेंटीमीटरचा, म्हणजे एका चौरस मीटर भिंतीला 38 च्या आसपास. 80 चौरस मीटरच्या घराला सुमारे 6,000 ब्लॉक आणि त्यांच्यासाठी 60-70 गोणी सिमेंट धरा. सरावलेली टोळी एका यंत्रावर दिवसाला 300 ते 500 ब्लॉक काढते.

हा ब्लॉक मातीवर जगतो किंवा मरतो. आधी 60 सेंटीमीटर लांब, 4 रुंद, 4 खोल अशी लाकडी पेटी करा. आतून तेल लावा, ओली माती ठासून भरा आणि पूर्ण वाळू द्या. वाळल्यावर माती एका टोकाला सरकवून फट मोजा. 15 मिलिमीटरच्या आत असेल तर एक भाग सिमेंटला 18 भाग माती, 15 ते 30 असेल तर 16, 30 ते 45 असेल तर 14, 45 ते 60 असेल तर 12. त्याहून जास्त आकसली तर ती माती सोडा किंवा वाळू मिसळून पुन्हा पेटी भरा. आपल्याकडच्या काळ्या मातीसारखी भेगाळणारी माती इथे चालत नाही. माती जमिनीच्या वरच्या थरातली घेऊ नये, मुळं आणि खत नसलेली खालची घ्यावी.

ओलावा पाहायचा तो असा: मुठीत गोळा वळून खांद्याच्या उंचीवरून सोडा. चार-पाच तुकडे झाले तर बरोबर, चपटा बसला तर पाणी जास्त, भुगा झाला तर कमी. पाणी घातलेली माती तासाभरात संपवा. नंतर दाबलेला ब्लॉक दिसतो छान, पण बोटाने खरवडला जातो. पहिले 7 दिवस प्लॅस्टिकखाली ओला ठेवा, भिंतीत 28 दिवसांनीच घाला. घाईच्या टोळ्या दहाव्या दिवशी भिंत चढवतात आणि पहिल्या पावसात कोपरे झडतात.

बांधतानाची मुख्य अडचण पहिल्या थराची. विटेत चूक मालाने झाकता येते, इथे माल नसल्याने पहिल्या थरातला पाच मिलिमीटरचा फरक छपरापर्यंत वाढत जातो. पहिला थर पाण्याच्या नळीने लेव्हल करूनच बसवा. पागोळ्यांचं पाणी उडून खालचे ब्लॉक खराब होतात, म्हणून जोतं दगडाचं किंवा भाजलेल्या विटेचं, 45 सेंटीमीटर उंच, आणि छपराची बाहेर आलेली कड 60 सेंटीमीटर ठेवा. पश्चिमेच्या रवेंझोरी पर्वताच्या बाजूला भूकंप होतात, तिथे लिंटलच्या पातळीवर सलग काँक्रीटचा पट्टा हवाच. वीज पडण्याचं प्रमाणही युगांडात मोठं आहे: 2011 मध्ये किर्यांदोंगो जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेवर वीज कोसळून 18 मुलं गेली. वीजरोधक बसवला नाही तर घर पूर्ण झालं असं मानू नका.

आमची निवड: माती पेटीत उतरली आणि देखरेखीला जाणता माणूस असेल तर ब्लॉक. नाहीतर भाजलेली वीट बरी, कारण तिच्यात चुका पचतात.

पाणी

छपरावरचं पाणी की बोअर? 80 चौरस मीटर छपरावर वर्षाला 1,200 मिलिमीटर पाऊस पडला आणि 80 टक्के हाती लागला तर 76,800 लिटर होतात. घरात 11 माणसं, माणशी 20 लिटर धरलं तर वर्षाला साधारण 80,000 लिटर लागतात. म्हणजे जेमतेम, आणि तेही टाकी मोठी असेल तरच. दोन महिन्यांच्या कोरड्यासाठी 13,000 लिटरची साठवण हवी. पहिल्या सरीचं 40 लिटर पाणी टाकीत न जाता बाहेर पडेल अशी सोय ठेवा, नाहीतर पक्ष्यांची घाण मुलांच्या पोटात जाईल.

बोअर घेतलात तर त्यावर यू-2 हातपंप बसेल. हा आपल्या इंडिया मार्क-2 चाच भाऊ, आणि मार्क-2 ची मुळं दुष्काळी मराठवाडा-सोलापूर भागात मिशनने चालवलेल्या पाणी-कामात आहेत. जालना आणि सोलापूरचे पंप हे त्याचे पूर्वज. या पंपाची तिथली तक्रार ठरलेली आहे: पाणी आम्ल असेल, पीएच 6.5 च्या खाली, तर गॅल्व्हनाइज्ड पाइप आतून गंजतात, पाणी लाल येतं, चहा काळा पडतो आणि बाया पुन्हा ओढ्यावर जातात. बोअर झाल्याझाल्या पीएच तपासा. कमी निघाला तर पाइप स्टेनलेस स्टीलचे घ्या.

तीन आठवडे की दोन वर्षं

तीन आठवड्यांच्या गटाने विटा रचू नयेत, हे आम्ही ठामपणे सांगतो. गावचा गवंडी ते काम निम्म्या वेळात करतो आणि त्या मजुरीवर त्याची मुलं घरी राहतात. थोड्या मुक्कामात खरा उपयोग कसबी माणसाचा: वायरिंग तपासणारा, सर्व्हेअर, हिशेबनीस, नर्सेसना शिकवणारी नर्स. मुलांना कडेवर घेऊन महिन्याने निघून जाणं टाळाच. दर सुट्टीत नवी मावशी आणि दर सुट्टीत ताटातूट, याची जखम खोल असते.

दोन वर्षं राहणाऱ्याचे पहिले सहा महिने भाषेचे. लुगांडात आधी रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, हे विचारल्याशिवाय कामाचं बोलत नाहीत. साइटवर आल्या आल्या मोजमाप सुरू करणारा उर्मट ठरतो. जेवण म्हणजे पोशो (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा), बीन्स, मटोके (शिजवलेली हिरवी केळी). कंपालात डाळ, तांदूळ, कणिक भारतीय दुकानांत मिळते. वीज 240 व्होल्टची, पण पिना चौकोनी, त्यामुळे आपला प्लग बसत नाही. बाहेर वाळत घातलेले कपडे, आतलेसुद्धा, इस्त्री करूनच घाला. मँगो माशी ओल्या कपड्यांवर अंडी घालते आणि त्यातून निघालेल्या अळ्या कातडीत शिरतात. बोडा-बोडावर, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवर, हेल्मेटशिवाय बसू नका. मलेरियाची गोळी डॉक्टरांना विचारून ठरवा: थोड्या मुक्कामाला रोजची डॉक्सिसायक्लिन चालते, परत आल्यावर 4 आठवडे चालू ठेवायची असते. दोन वर्षांसाठी मच्छरदाणी आणि ताप आल्याच्या दिवशीच रक्ततपासणी हीच खरी शिस्त.

यलो फीव्हरची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी, अधिकृत केंद्रावरच. कार्ड नसेल तर परतताना भारतातही विलगीकरणात ठेवतात. पोलिसांचा चारित्र्य दाखला पासपोर्ट कार्यालयातून काढा. मुलांसोबत काम असूनही यजमान संस्थेने तो मागितलाच नाही, तर तीच धोक्याची खूण. मंडळीच्या ट्रस्टमधून थेट परदेशात पैसे पाठवण्याआधी सीएला विचारा, कारण ट्रस्टचं उत्पन्न देशाबाहेर खर्च झालं की करसवलत अडचणीत येते.

दक्षिण आणि मध्य युगांडात पाऊस मार्च ते मे आणि पुन्हा सप्टेंबर ते नोव्हेंबर. ब्लॉक डिसेंबरात पाडायला घ्या, म्हणजे फेब्रुवारीअखेर पत्रे चढतात. उत्तरेत गुलूच्या बाजूला एकच लांब पावसाळा, एप्रिल ते ऑक्टोबर, तिथे कोरडा काळ जास्त मिळतो.

होकार कळवण्याआधी यजमान संस्थेला चार गोष्टी लेखी विचारा. बालगृहाची मंजुरी कोणत्या तारखेची आहे? प्रत्येक मुलाचा कोर्टाचा आदेश फाइलमध्ये आहे का? मुलांचे चेहरे वर्गणीच्या पत्रकांवर छापता का? आणि गेल्या वर्षी किती मुलं आपल्या नातेवाइकांकडे परत गेली? शेवटच्या प्रश्नाला आकडा आला नाही, तर तुमचे पैसे आणि तुमची दोन वर्षं दुसऱ्या संस्थेला द्या.