नमुना एक, माल दुसरा : धिंगरीच्या पिशव्यांत मी कशी फसले

‘ताई, शंभर टक्के पीपी आहे. व्हर्जिन माल, ५० मायक्रॉन. वाफेला काही होत नाही, निर्धास्त राहा.’ पिशव्या विकणाऱ्याकडून फोनवर हे मी तीनदा ऐकलं आणि तिन्ही वेळा खरं मानलं. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक. व्हर्जिन म्हणजे नवा, पुनर्वापराचा नसलेला माल. मायक्रॉन हे जाडीचं माप, मिलिमीटरचा हजारावा भाग. धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) भुसा किंवा काड भरलेल्या पिशव्यांत वाढवतात. त्यासाठी ३५ बाय ५० सेंटिमीटरच्या ५०० पिशव्या मागवल्या आणि पूर्ण पैसे आधीच भरले. दर इतरांपेक्षा बराच कमी होता. तरी मी डोळे झाकून ऑर्डर दिली नव्हती. आधी पाच नमुने मागवले होते. कडक, काचेसारखे पारदर्शक, हातात चुरगळले की कुरकुर वाजणारे. त्यातले दोन मी प्रेशर कुकरमध्ये वाफवूनही पाहिले, त्यांना काही झालं नाही. त्या भरवशावरच मी पैसे पाठवले.

गठ्ठा आला तो फोडताक्षणी रॉकेलसारखा वास आला. पिशवी मऊ, किंचित धुरकट. उजेडासमोर धरली तर प्लास्टिकमध्ये बारीक काळे ठिपके. मी लगेच फोन केला. तेव्हा त्या माणसानं एक व्हिडिओ पाठवला. बादलीभर पाण्यात पिशवीचा तुकडा टाकलाय आणि तो तरंगतोय. ‘बघा, पीव्हीसी असतं तर बुडालं असतं. हे तरंगतंय म्हणजे अस्सल पीपी.’ मला ते पटलं, आणि इथेच माझी मोठी चूक झाली. पीव्हीसी पाण्यात बुडतं हे खरं आहे. पण पीपी तरंगतं तसं एलडी (मऊ पॉलिथिन) तरंगतं, एचडीही (कडक पॉलिथिन) तरंगतं, कारण तिन्ही पाण्यापेक्षा हलकी आहेत. त्या व्हिडिओवरून एवढंच कळत होतं की पिशवी पीव्हीसीची नाही. वाफेला टिकेल की नाही, याच्याशी त्याचा काहीच संबंध नव्हता.

पहिल्या खेपेला ६० पिशव्यांत लाकडाचा भुसा आणि कोंडा भरला आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या भांड्यात, १२१ अंशांवर लावल्या. गार झाल्यावर झाकण उघडलं तर खालच्या थरातल्या पिशव्या एकमेकींना चिकटून एकच गोळा झालेला. वरच्या ओढून काढताना प्लास्टिक च्युइंगगमसारखं ताणलं जात होतं आणि तळाची शिवण उसवून ओला भुसा हातावर सांडत होता. साधं एलडी १०५ ते ११५ अंशांच्या दरम्यान वितळतं, पीपी १६० च्या आसपास. मला पीपी म्हणून एलडी विकलं होतं, तेही बहुधा पुनर्वापराचं. साठच्या साठ पिशव्या गेल्या, भुसा गेला, आणि ऑटोक्लेव्हच्या जाळीवरचं प्लास्टिक खरवडण्यात अख्खी दुपार गेली.

उरलेल्या पिशव्या वाया जाऊ नयेत म्हणून मी काड गरम पाण्यात निर्जंतुक केलं, निथळून गार केलं आणि मग भरलं. यात पिशवीला उष्णता लागतच नाही, म्हणून वाटलं निभावेल. तेही निभावलं नाही. प्लास्टिक इतकं पातळ की दाबून भरताना काडाची टोकं आरपार यायची. डोळ्यांना न दिसणारी ती भोकं आठ-दहा दिवसांनी दिसली, कारण नेमक्या त्याच जागी हिरवी बुरशी धरली होती. धिंगरीची पांढरी जाळी एका बाजूनं पसरत होती आणि ती हिरवी बुरशी, ट्रायकोडर्मा, दुसऱ्या बाजूनं. जवळपास निम्म्या पिशव्या बाहेर नेऊन टाकाव्या लागल्या. बियाण्याचे पैसे त्यातच बुडाले.

तक्रार केली तर उत्तर आलं, ‘तुम्ही वाफ जास्त दिली असणार.’ बिल काढून पाहिलं, त्यावर फक्त ‘प्लास्टिक पिशव्या’ लिहिलेलं. ना पीपी, ना मायक्रॉन. भांडायला हातात कागदच नव्हता. चार दिवसांनी फोन उचलणंही बंद झालं.

मग मी एक गोष्ट केली जी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. दहा पिशव्या एकत्र वजनकाट्यावर ठेवल्या. १०२ ग्रॅम. आता हिशोब बघा. ३५ बाय ५० ची पिशवी म्हणजे दोन्ही बाजू धरून ३५०० चौरस सेंटिमीटर प्लास्टिक. ५० मायक्रॉन म्हणजे ०.००५ सेंटिमीटर. गुणाकार केला की १७.५ घन सेंटिमीटर होतात, आणि पीपीची घनता साधारण ०.९, म्हणजे एक पिशवी पावणेसोळा ग्रॅमची हवी. दहांचे १५८ ग्रॅम. माझ्या पिशव्या ५० नव्हे, जेमतेम ३२ मायक्रॉनच्या होत्या. ‘स्वस्त’ दराचं कोडं तिथेच सुटलं. नगावर विकताना जाडी चोरली की कुणाच्या लक्षात येत नाही. दुकानदार गेजमध्ये (जाडीचं दुसरं माप) बोलत असेल तर १०० गेज म्हणजे २५ मायक्रॉन धरा.

कुकरची चाचणी करायचीच, पण नमुन्यावर नव्हे, आलेल्या गठ्ठ्यावर. तीही वरच्या पिशवीवर नाही, मधून आणि तळातून काढलेल्या पिशव्यांवर. मूठभर ओला भुसा भरा, कुकरच्या बुडाशी कापड घाला म्हणजे पिशवी धातूला टेकणार नाही, आणि अर्धा तास वाफ द्या. एलडी असेल तर तिथेच लोळागोळा होतो. दुसरी पिशवी पाण्यानं भरून उचलून धरा. शिवण कच्ची असेल तर तळाशी थेंब जमतात. अंगठ्यानं ताणून पाहिलं तरी पुष्कळ कळतं. एलडी मऊपणे ताणत जातं, पीपी आधी अडतं.

पण एलडी वाईट असतं असं यातून कुणी समजू नका. तुम्ही गरम पाण्यात काड निर्जंतुक करून गार झाल्यावर भरत असाल, तर चांगल्या जाडीचं, वास नसलेलं, नवं एलडी पुरेसं आहे. पीपीसाठी जास्तीचे पैसे घालवू नका. भरलेली पिशवी दाबाच्या वाफेत जाणार असेल तरच पीपी लागतं. वास येणारं, ठिपक्यांचं, काळं किंवा रंगीत प्लास्टिक मात्र कितीही स्वस्त मिळालं तरी मी घेणार नाही. ते आधी कशासाठी वापरलं होतं हे कुणालाच माहीत नसतं, आणि आपली अळिंबी त्याला चिकटून कित्येक आठवडे वाढते. धिंगरी आजूबाजूचे जड धातू शोषून घेते, हेही विसरू नका. पुढे ती कुणाच्या तरी ताटात जाते.

आता मी बिलावर ‘पीपी, ५० मायक्रॉन, नवा माल’ असं लिहून घेतल्याशिवाय ऑर्डर देत नाही आणि निम्मे पैसे माल तपासेपर्यंत हातात ठेवते. दोघांनी या अटीला सरळ नकार दिला. तिसरा तयार झाला. त्याचा गठ्ठा आला तेव्हा मधल्या दहा पिशव्या काट्यावर १५६ ग्रॅम भरल्या, कुकरमध्ये तपासलेल्या दोन्ही पिशव्या धड बाहेर आल्या, आणि त्याच संध्याकाळी मी त्याचे उरलेले पैसे पाठवले.