निर्बंध की देवाणघेवाण? वादविवादाला बाजू निवडताना

कैदेतले विरोधी नेते सुटतात ते परदेशी निर्बंधांमुळे की पडद्यामागच्या देवाणघेवाणीमुळे, असा विषय बेळगाव-खानापूरकडच्या स्पर्धेत आला तर मोह निर्बंधांच्या बाजूचा होतो. टाळ्या तिकडेच मिळतात. खंडनाच्या फेरीत मात्र घाम फुटतो.

निर्बंधवाल्यांना उदाहरण बेलारूसचंच घ्यावं लागणार. २०२० च्या निवडणुकीच्या आसपास तिथले विरोधक तुरुंगात गेले आणि २०२१ मध्ये अमेरिकेने त्या देशाच्या सरकारी पोटॅश कंपनीवर निर्बंध घातले. निपाणी-चिकोडीत उसाला टाकतात ते लाल पोटॅश आपल्याकडे बाहेरूनच येतं, त्यामुळे श्रोत्यांना फार समजावत बसावं लागणार नाही. पण समोरचा विचारणार, मोठे नेते सुटले कधी? तिखानोव्स्की जून २०२५ मध्ये सुटले, तेही अमेरिकेचा दूत राजधानी मिन्स्कला जाऊन बसल्यावर. त्याच डिसेंबरात बाबारिको, कोलेस्निकोवा या विरोधी नेत्यांसह १२३ जण बाहेर आले आणि अमेरिकेने पोटॅशवरचे निर्बंध उठवत असल्याचं सांगितलं. सरळ सौदा! अर्थात सौद्यात सोडायला हाताशी काहीतरी होतं ते निर्बंधांमुळेच, हा मुद्दा राखून ठेवा.

देवाणघेवाणीची बाजू आकड्यांत भारी पडते, पण तिची दुखरी नस म्हणजे देशाबाहेर काढणं. २०२० मध्ये बळजबरीने सीमेपार घालवू नये म्हणून कोलेस्निकोवांनी स्वतःचा पासपोर्ट फाडला होता. सुटल्यावर त्यांना युक्रेनमध्येच नेण्यात आलं. सप्टेंबर २०२५ मध्ये बेलारूसने ५२ कैद्यांना शेजारच्या लिथुआनियाकडे नेलं, तेव्हा त्यांतले विरोधी नेते स्तातकेविच यांनी जायलाच नकार दिला. दोन देशांच्या ठाण्यांमधल्या पट्ट्यात ते काही तास बसून राहिले आणि मागे फिरले. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाने तर २०२३ मध्ये २२२ राजकीय कैद्यांना विमानात बसवून अमेरिकेला धाडलं आणि वर नागरिकत्वही काढून घेतलं. याला सुटका म्हणायची का?

कोर्टाचे आदेश, जाहीर निषेध यांवर वेळ घालवू नका. रशियातले विरोधी नेते नवाल्नींना सोडा, असं युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं. रशियाने ऐकलं नाही, २०२४ मध्ये ते तुरुंगातच वारले. मलेशियाचे विरोधी नेते अन्वर इब्राहिम यांना २०१८ मध्ये माफी मिळाली ती निवडणुकीत सरकार बदलल्यावर.

गावातलंच उदाहरण हवं असेल तर ते उलट्या बाजूचं आहे. एप्रिल १९५० मध्ये पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अली खान यांच्या दिल्लीभेटीमुळे सावरकरांना स्थानबद्ध करून बेळगावच्या तुरुंगात ठेवलं होतं. राजनैतिक कारणाने माणूस आतही जातो! परीक्षक बेळगावचे असतील तर हे वाया जाणार नाही.

मी असतो तर देवाणघेवाणीची बाजू घेतली असती, आणि स्तातकेविचचं नाव पहिल्याच मिनिटात स्वतःहून काढलं असतं. नाहीतर समोरचा काढतोच.