इंकस्केपमध्ये गिटारचे भाग आखणं: आठ महिन्यांच्या वापरानंतर

इलेक्ट्रिक गिटारची बॉडी, नेक पॉकेट (नेक म्हणजे दांडा बसायची खोबण), पिकअपचे खड्डे, फ्रेटबोर्ड (नेकवरची, धातूच्या आडव्या फ्रेटपट्ट्यांची फळी), पिकगार्ड (बॉडीवरची संरक्षक पट्टी) आणि मागची झाकणं इंकस्केप या रेषाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये आखायची, मग कॅम सॉफ्टवेअरमध्ये टूलपाथ, म्हणजे कापणाऱ्या बिटची वाट, काढून संगणकाने चालणाऱ्या तीन अक्षांच्या राउटरवर कापायची, असा हा वापर. नेकच्या मागची गोलाई यात धरलेली नाही, ते थ्रीडीचं काम. बाकी सपाट भागांना हे फुकटचं सॉफ्टवेअर पुरून उरतं. मात्र ते मुळात चित्रकारांसाठी बनलंय, आणि लाकूड वाया जातं ते नेमकं तिथेच.

पहिलं काम मापाचं. डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये एकक मिमी आणि स्केल १ करून ठेवा. प्रत्येक फाइलच्या कोपऱ्यात १०० मिमीचा चौरस वेगळ्या लेयरवर असू द्या आणि फाइल दुसरीकडे उघडली की आधी तोच मोजा. ९३.७५ आला तर फाइल ०.९२च्या आधीच्या आवृत्तीतली आहे. तेव्हा इंचाला ९० पिक्सेल धरत, आता ९६ धरतात. ७५ आला तर ती ७२ पिक्सेलच्या हिशोबाने बनलेली आहे. उलट इथली फाइल ७२ धरणाऱ्या प्रोग्रॅममध्ये गेली की १३३.३३ दिसतो. बॉडीकडे नुसतं बघून सव्वासहा टक्क्यांचा फरक कळत नाही, ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) लावताना कळतो.

दुसरी गोष्ट प्रेफरन्सेसमध्ये दडलेली आहे. रुंदी-उंचीच्या चौकटीत इंकस्केप मुळात रेषेची जाडीही धरतं. १ मिमी जाड रेषेने काढलेला ५६ मिमीचा नेक पॉकेट तिथे ५७ दिसतो. तुम्ही ५६ टाइप केलंत की खरा पॉकेट ५५च्या आसपास येतो आणि नेक बसत नाही. टूल्सच्या पानावर ‘जिऑमेट्रिक बाउंडिंग बॉक्स’ निवडलं की हा घोळ कायमचा मिटतो. मूळ सेटिंगच तसं असायला हवं होतं, पण चित्रकारांना ते गैरसोयीचं झालं असतं.

बॉडीच्या बाह्यरेषेसाठी फोटोवर ‘ट्रेस बिटमॅप’ चालवायचा मोह आवरा. रेषाचित्र ट्रेस केलं तर जाड रेषेच्या आतली आणि बाहेरची अशा दोन कडा मिळतात, शिवाय शेकडो नोड (रेषेला आकार देणारे बिंदू). मशीन मग बारीक बारीक तुकड्यांत अडखळत चालतं, वेग धरत नाही आणि कडेवर पैलू उमटतात. ते घासून काढण्यात जो वेळ जातो त्यात रेषा दोनदा हाताने काढून होते. ‘सिंप्लिफाय’ने नोड कमी होतात खरे, पण ती आज्ञा लागोपाठ दिली की दर वेळी जास्त जोरात लागते आणि पॉकेटच्या सरळ कडाही वाकवते. बेझिए पेनने दोन शिंगांची बॉडी १५ ते २० नोडमध्ये आरामात बसते. नोड फक्त जिथे वळणाची दिशा किंवा तीव्रता बदलते तिथे ठेवा आणि सगळे स्मूथ करा. नेक पॉकेट बाह्यरेषेला जोडू नका. तो वेगळा बंद पाथ ठेवून बॉडीच्या कडेबाहेर ५ मिमी काढा, म्हणजे तोंडाशी गोल कोपरे उरत नाहीत.

आतल्या कोपऱ्यांची त्रिज्या बिटवरून ठरते आणि बिट खोलीवरून. १६ मिमी खोल नेक पॉकेटला ६ मिमीचा बिट चालतो. ४५ मिमीच्या बॉडीत मागून ३८ मिमी खोल कंट्रोल कॅव्हिटी (नॉब आणि वायरिंगचा खड्डा) काढायची तर २२ मिमी लांब धारेचा बिट पोचतच नाही, त्याची दांडी भिंतीला घासते. तिथे लांब १० मिमीचा बिट लागतो, म्हणून कोपरेही त्याच हिशोबाने गोल आखा. त्रिज्या बिटच्या त्रिज्येएवढीच ठेवू नका. ६च्या बिटला ३ मिमीचा कोपरा दिला की बिट तिथे क्षणभर थांबतो आणि लाकूड करपतं; ३.३ दिला की वळत वळत निघून जातो. नेकच्या टाचेचे कोपरेही तेवढेच गोल हवेत. बिटच्या जाडीची भरपाई चित्रात करायची नाही, ती कॅममध्ये. बिटला धार लावून तो ५.९२ झाला तर तिथे एक आकडा बदलून भागतं.

फ्रेटबोर्डला इंकस्केप उत्तम, फक्त आकडे बाहेरून आणावे लागतात. गिटारची स्केल म्हणजे नट (हेडस्टॉकजवळ तारा टेकतात ती पट्टी) ते ब्रिज ही तारेची लांबी. स्प्रेडशीटमध्ये स्केल वजा स्केल भागिले २ चा (फ्रेट क्रमांक भागिले १२) घात, एवढंच सूत्र. ६४८ मिमी स्केलला पहिला फ्रेट ३६.३७, बारावा ३२४, बाविसावा ४६६.१६ मिमीवर. प्रत्येक अंतर नटपासूनच घ्या. मागच्या फ्रेटपासून मोजून एका दशांशापर्यंत आकडे गोल केले आणि चुका एकाच दिशेने साठल्या, तर बाविसाव्यापर्यंत मिलिमीटरभर फरक पडू शकतो. शून्य म्हणजे नटची फ्रेटबोर्डाकडची कड. नटचा मध्य धरला आणि नट ३.२ मिमीचा असला, तर सगळे फ्रेट १.६ मिमीने सरकतात. प्रत्येक खाच एकेरी उभी रेषा म्हणून काढा, एक्सच्या चौकटीत आकडा भरा आणि ०.६ मिमीचा बिट रेषेवरूनच चालवा, आत-बाहेर नाही. वर सांगितलेलं बाउंडिंग बॉक्सचं सेटिंग केलेलं नसेल तर इथेही रेषेच्या निम्म्या जाडीएवढी चूक शिरते.

खाचेच्या खोलीतही एक मेख आहे. ३०५ मिमी त्रिज्येचा फ्रेटबोर्ड ५६ मिमी रुंदीला कडेशी सुमारे १.३ मिमी उतरतो. खाचेचा तळ सपाट असल्याने कडेला २.५ मिमी हवी तर मध्यभागी ३.८ जावं लागतं. बोर्ड ६ मिमीचा असेल तर खाली २.२ उरतात, त्याहून पातळ बोर्ड घेऊ नका.

एकावर एक पडलेल्या दुहेरी रेषा डोळ्यांना दिसत नाहीत. फ्रेटचा लेयर निवडून सगळं सिलेक्ट करा आणि खालच्या पट्टीतला आकडा वाचा: २२ खाचांच्या जागी २३ वस्तू असतील तर एक रेषा दोनदा आहे. ती दोनदा कापली गेली की खाच सैल होते आणि फ्रेट धरत नाही. उघडा राहिलेला पाथ याहून फसवा, कारण इंकस्केप उघड्या पाथातही रंग भरून दाखवतं. कॅमने पॉकेट घ्यायला नकार दिला की टोकांचे नोड चौकटीने पकडून शिफ्ट-जेने जोडायचे.

मागची बाजू कापताना आरसा-प्रतिमा लागते आणि एच दाबलं की ती मिळतेही. पण निवडलेली वस्तू स्वतःच्याच मध्याभोवती उलटते. नुसती कॅव्हिटी उलटवली तर आकार उलटा होतो, जागा तीच राहते. कच्च्या फळीचा आयत आणि मागचे सगळे पाथ एका ग्रुपमध्ये घेऊन उलटवा. फळी जिच्याभोवती पालथी करायची त्या मध्यरेषेवर, बॉडीबाहेरच्या भागात, ६ मिमीच्या पिनांची दोन भोकं आखा. फळी पालथी केली तरी ती त्याच जागी येतात.

पिकगार्डबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कॅमला फाइल शक्यतो एसव्हीजीच (इंकस्केपची मूळ फाइल) द्या. डीएक्सएफ (कॅडची फाइल) लागलीच तर आर१४ आवृत्ती आणि एकक मिमी. आर१२मध्ये वक्रांचे सरळ तुकडे होतात. अक्षरं आधी पाथमध्ये बदला. भोकांची वर्तुळं मात्र पाथ करू नका, नाहीतर बऱ्याच कॅममध्ये ड्रिलिंगसाठी ती आपोआप ओळखली जात नाहीत.

खरी उणीव एकच: मापं एकमेकांना बांधता येत नाहीत. स्केल ६४८वरून ६२८ केली की फ्रेट, ब्रिजची रेषा आणि पिकअपच्या जागा हातानेच हलवायच्या. एकच मॉडेल वारंवार कापणाऱ्याला हे जाणवणारही नाही. दर गिटारला स्केल बदलणाऱ्याने पॅरामेट्रिक (मापं एकमेकांना बांधणारं) कॅडच शिकावं, इंकस्केप हेडस्टॉकवरच्या नक्षीपुरतं ठेवावं.