ध्वनी आणि अवकाश प्रयोगसंच: नळी आखूड, पुस्तिका त्याहून आखूड

आठवीतल्या नातवासाठी इंदूरच्या खजुरी बाजारातून ध्वनी आणि अवकाश या दोन विषयांचा एकत्रित प्रयोगसंच ९५० रुपयांना घेतला, त्याला आता महिना झाला. संचाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुस्तिकेतल्या चुका पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होणार असल्याचे विक्रेत्याने सांगितले आहे. पुस्तिका हिंदी आणि इंग्रजीत आहे. आमच्यासारख्या मराठी घरात त्यामुळे पहिली संध्याकाळ शब्द जुळवण्यातच गेली, कारण नातवाची ‘आवृत्ति’ म्हणजे माझी वारंवारिता आणि त्याचे ‘स्वरित्र’ म्हणजे माझा नादकाटा.

हा नादकाटा संचातली सर्वांत चांगली वस्तू आहे. तो ५१२ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५१२ कंपने करणारा असून पोलादी आहे, आणि रबरी ठोकळ्यावर आपटून पाण्याला टेकवला की बारीक तुषार उडतात, म्हणजे आवाज हे कंपन असल्याचे मुलाला डोळ्यांनी दिसते. दोन्ही टोके उघडी असलेली ४० सेंटिमीटरची नळी पाण्यात उभी बुडवून, वर नादकाटा धरून ती हळूहळू वर उचलायची, आणि आवाज एकाएकी मोठा होईल तिथे पाण्यावरच्या हवेच्या स्तंभाची लांबी मोजायची, असा मुख्य प्रयोग आहे. ही लांबी तरंगलांबीच्या (एका पूर्ण लाटेच्या लांबीच्या) एक चतुर्थांश धरून, तरंगलांबीला वारंवारितेने गुणून ध्वनीचा वेग काढा, असे पुस्तिका सांगते. आम्हाला १६.१ सेंटिमीटर मिळाले, त्यावरून वेग निघाला सेकंदाला ३३० मीटर. पुस्तिकेत २० अंश सेल्सिअसला ३४३ दिला आहे आणि आमच्या खोलीत तर २९ अंश होते. तापमान वाढले की हवेतला ध्वनीचा वेग अंशामागे साधारण ०.६ मीटरने वाढतो, म्हणजे आमचे उत्तर जास्त यायला हवे होते, आले कमी. नातवाने हात चुकल्याचे मान्यही करून टाकले होते. वास्तविक हात चुकला नव्हता. कंप पावणारा हवेचा स्तंभ नळीच्या तोंडाशी थांबत नाही, तो व्यासाच्या सुमारे ०.३ पट बाहेर येतो. नळीचा व्यास ३ सेंटिमीटर, म्हणून ०.९ मिळवायचे, की १७ सेंटिमीटर आणि ३४८ मीटर असे नीट उत्तर येते. पुस्तिकेत याचा उल्लेखही नाही, आणि शंका घेण्याऐवजी स्वतःलाच दोष देणाऱ्या मुलासाठी ही मला सर्वांत गंभीर त्रुटी वाटते.

हवा नसेल तर आवाज पोचत नाही, हे दाखवणारा निर्वात बरणीचा प्रयोग मात्र यथातथाच आहे. रॉबर्ट बॉइल यांनी १६६० च्या सुमारास केलेल्या प्रयोगाची ही घरगुती प्रत. हातपंपाने हवा काढली की आतल्या बझरचा आवाज क्षीण होतो, पण बंद होत नाही, कारण पंप दुबळा आहे आणि बझर थेट बुडाला चिकटवलेला असल्यामुळे प्लॅस्टिकमधूनही कंपने बाहेर येतात. आम्ही बझरखाली स्पंजचा तुकडा ठेवला, तेव्हा फरक चांगला कळला.

अवकाशाच्या भागात वाळूचा ट्रे, गोट्या आणि बारा चित्रपत्रे आहेत. गोटी जितक्या उंचीवरून टाकावी तितका खड्डा मोठा होतो, इथपर्यंत ठीक. पण तिरकी फेकलेली गोटी लांबट खड्डा पाडते, मग चंद्रावरची विवरे बहुतेक गोल कशी, हा प्रश्न नातवाने लगेच विचारला. सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने येणारा पाषाण आदळताच स्फोट झाल्यासारखी ऊर्जा मोकळी होते आणि ती सर्व दिशांना पसरते, म्हणून आघात तिरका असला तरी विवर सहसा गोलच होते. आपल्याकडचे लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर इथे उदाहरण म्हणून सहज देता आले असते. ते ज्या काळ्या बेसाल्ट खडकात आहे, त्याच दख्खनच्या लाव्हाथरांवर आपले माळव्याचे पठारही उभे आहे.

लघुग्रहांचा पट्टा म्हणजे फुटलेल्या ग्रहाचे तुकडे, असे एका चित्रपत्रावर छापले आहे. ते चूक आहे. सगळे लघुग्रह एकत्र केले तरी त्यांचे वस्तुमान चंद्राच्या सुमारे ३ टक्केच भरते. गुरूच्या गुरुत्वाकर्षणामुळे तिथले द्रव्य कधी एका ग्रहात एकवटूच शकले नाही.

माझा मुख्य आक्षेप मात्र दोन्ही भागांच्या मधल्या भिंतीवर आहे. ‘अवकाशात ध्वनी नसतो’ एवढे एक वाक्य लिहून पुस्तिका ध्वनीचा विषय मिटवते. कानाला ऐकू येणाऱ्या आवाजापुरते ते खरे आहे, परंतु ज्या वायूच्या ढगांतून तारे जन्मतात त्यांत दाबाच्या लाटा जातातच. ढग स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आकसू लागला की आतला दाब त्याला आवरू पाहतो, आणि दाबाचा हा निरोप ढगभर ध्वनीच्याच वेगाने फिरतो. ढग इतका मोठा असेल की निरोप पोचण्याआधीच तो कोसळेल, तर आकसणे थांबत नाही आणि पुढे तारा घडतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स जीन्स यांनी १९०२ मध्ये हे गणित मांडले. उणे २६३ अंशांच्या अशा गार ढगात ध्वनीचा वेग सेकंदाला जेमतेम २०० मीटर असतो, आपल्या खोलीतल्या हवेपेक्षाही कमी! नळीत नुकताच वेग मोजलेल्या मुलाला हे अर्ध्या पानात समजले असते.

घ्यावा का? ध्वनीच्या भागासाठी जरूर घ्यावा, चित्रपत्रे मोठ्यांनी आधी वाचून पाहावीत. आणि संचातली नळी आखूड असल्याने लांब नळी वेगळी घेऊनच टाकावी. इथल्या सियागंज बाजारातून त्याच व्यासाची ७० सेंटिमीटरची नळी आणली, तेव्हा बादलीभर पाण्यात ५०.१ सेंटिमीटरला दुसरा अनुनाद, म्हणजे आवाज पुन्हा एकाएकी मोठा होण्याची जागा सापडली. दोन्ही लांबींतला फरक ३४ सेंटिमीटर, त्याची दुप्पट म्हणजे पूर्ण तरंगलांबी, आणि वेग पुन्हा ३४८ मीटर, तोही तोंडापाशी काही न मिळवता.