मे महिन्यात पोरांना कुठे पाठवायचं: जवळचं शिबिर, डोंगरातलं शिबिर की आजोळ?

आधी एक कबुली देते. गेल्या सहा वर्षांत मुलांना जितक्या शिबिरांना घातलं, त्यातली निम्मी माझ्या सोयीसाठी होती. राज्य मंडळाची शाळा मेच्या सुरुवातीला बंद होते ती थेट जूनच्या मध्यावर उघडते. आम्ही दोघं नोकरीवाले, घर मुलुंडला, दोघांची रजा मिळून जेमतेम पंधरा दिवस. मग मार्चमध्ये दुधाच्या पिशवीसोबत येणारी शिबिरांची पत्रकं मी ज्या आशेने वाचते, तेवढ्या आशेने बोनसचं पत्रही वाचत नाही.

हे आधी सांगितलं, कारण कुठलं शिबिर चांगलं या प्रश्नाला शिबिर कोणासाठी हवंय हे ठरवल्याशिवाय उत्तर नाही. दिवसभर मूल सांभाळलं जावं एवढीच गरज असेल तर एक पर्याय, मुलाने काही शिकावं असं वाटत असेल तर दुसरा, आणि त्याने चार दिवस आपल्यावाचून राहून बघावं असं वाटत असेल तर तिसरा. हे तिन्ही एकाच पत्रकात मिळतं असं सांगणाऱ्याकडे मी आता जात नाही.

शहरातलं दिवसाचं शिबिर

याचा सगळ्यात मोठा दोष पत्रकातच छापलेला असतो, आपण वाचत नाही: वेळ सकाळी 10 ते 1. म्हणजे नोकरी करणाऱ्या आईबापांचा प्रश्न सुटत तर नाहीच, उलट एक नवा तयार होतो. दहाला सोडायचं कोणी, एकला आणायचं कोणी, आणि एक ते सात मूल कुठे? आमच्याकडे पहिल्या वर्षी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी निभावून नेलं. घरात आजी-आजोबा किंवा विश्वासाचं माणूस नसेल, तर तीन तासांच्या शिबिराने तुमचं काही हलकं होणार नाही, हे धरूनच पैसे भरा.

गुण मात्र मोठे आहेत. मूल रात्री घरी असतं. नाही आवडलं तर तिसऱ्या दिवशी बंद करता येतं. आठ वर्षांखालच्या मुलासाठी मला तरी हाच पर्याय बरा वाटतो.

त्यातही माझा एक ठाम आग्रह आहे. आज मातीकाम, उद्या रोबोटिक्स, परवा झुंबा आणि शेवटच्या दिवशी पिझ्झा, असला भेळेचा पुडा घेऊ नका. दहा दिवस एकच गोष्ट करणारं शिबिर घ्या. शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात सुट्टीत मल्लखांबाला जाणारी मुलं दादरकरांनी पिढ्यानपिढ्या पाहिली आहेत. पहिले तीन दिवस तळहात सोलपटतात, मूल रडतं, आणि आठव्या दिवशी ते घरी येऊन दाराच्या चौकटीला लटकायला लागतं. पोहण्याचंही तसंच. ज्यांना मैदान नको त्यांच्यासाठी वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र आहे, काळा घोड्याजवळचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे (तिथे 2019 पासून मुलांसाठी वेगळं संग्रहालयच झालंय), गोरेगावच्या चित्रनगरीला लागून बीएनएचएस या निसर्ग अभ्यासाच्या संस्थेचं निसर्ग शिक्षण केंद्र आहे. तिथले मुलांचे कार्यक्रम स्वस्त आणि मस्त असतात. अडचण फक्त आपल्या नकाशाची. मुलुंडहून वरळी म्हणजे जाऊन-येऊन अडीच तास, आणि मेमध्ये ते अडीच तास म्हणजे स्वतंत्र व्यायामच.

मैदानावरचं शिबिर सकाळी साडेसहाचं असेल तरच घ्या. नऊनंतर सूर्य डोक्यावर असतो आणि मुंबईच्या दमट हवेत घाम वाळतच नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. 2023 च्या एप्रिलमध्ये खारघरच्या मैदानावर उन्हात बसलेली मोठी माणसं दगावली होती, हे आपण फार लवकर विसरलो.

बाहेरगावचं निवासी शिबिर

कर्जत, मुरबाड, शहापूर, नाहीतर थोडे जास्त पैसे टाकून पाचगणी. पत्रकावर दोरीला लटकलेलं हसरं मूल असतंच.

आधी पैशाचा हिशोब करू. समजा शहरातल्या शिबिराची फी 6,000 रुपये, दहा दिवस, रोज तीन तास. म्हणजे तासाला 200. निवासी शिबिराचे पाच दिवसांचे 12,000. जागेपणीचे रोज 14 तास धरले तर 70 तास, तासाला 171. स्वस्त वाटतं ना? पण पहिल्या दिवशी सातला दादरहून बस निघते, पोहोचून सामान लावेपर्यंत जेवणाची वेळ होते. शेवटच्या दिवशी जेवलं की परत. उरतात साडेतीन दिवस. 49 तास, तासाला 245. वर टॉर्च, बूट, झोपायची पिशवी. जेवणखाण आणि राहणं त्यात आलं हे खरं, म्हणून मी त्याला महाग म्हणत नाही. पण फी बघताना दिवस न मोजता रात्री मोजा, आकडा खरा कळतो.

उन्हाचंही बघा. थंड हवेचं ठिकाण म्हणजे पाचगणी, माथेरान. कर्जत-मुरबाड-शहापूरकडे मेमध्ये पारा चाळिशीच्या घरात जातो, समुद्राचा वारा तिथवर येत नाही. 'निसर्गाच्या कुशीत' लिहिलं असलं तरी दुपारी बारा ते चार ती कुस तापलेली असते. त्या चार तासांत मुलं काय करणार, हा माझा पहिला प्रश्न. "सावलीत बैठे खेळ, गोष्टी, झोप" असं कोणी म्हणालं की मला बरं वाटतं. "आमचा एकही मिनिट रिकामा नसतो" म्हणणाऱ्यांना मी फोनवरच नमस्कार करते. आणि शिबिर मेच्या शेवटच्या आठवड्यात असेल तर पावसाचं विचारा. मुंबईत मोसमी पाऊस एरवी 11 जूनच्या सुमारास येतो, पण 2025 मध्ये तो 26 मेलाच दाखल झाला. तंबूत झोपणाऱ्या मुलांना आयत्या वेळी पक्क्या छपराखाली न्यायची सोय आहे का?

साहसी खेळ असतील तर नोंदणी बघायची. राज्याचं साहसी पर्यटन धोरण 2021 मध्ये आलं. जमिनीवरचे, पाण्यातले, हवेतले असे खेळ घेणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. नोंदणीचा कागद मागितल्यावर समोरचा माणूस कसा बोलतो यावरून निम्मं कळतं. नदी, तलाव, समुद्र यांपैकी काही कार्यक्रमात असेल तर आणखी खोलात जा: पाण्यात मुलांबरोबर कोण उतरणार, काठावर कोण राहणार, जॅकेटं मुलांच्या मापाची आहेत का. 2016 च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेली कॉलेजातली डझनभराहून जास्त मुलं बुडाली. ती मोठी होती. आपली तर चौथी-पाचवीतली.

जवळचा दवाखाना विचारताना "दहा मिनिटांवर आहे" एवढ्यावर थांबू नका. तिथे सर्पविषावरची लस आहे का, रात्री डॉक्टर असतात का, शिबिराची स्वतःची गाडी रात्रभर तिथे उभी असते का, हे विचारा. 108 ची रुग्णवाहिका आहेच, पण घाटातल्या रस्त्याला तिलाही वेळ लागतो. कोकणात तर विंचूही आहे. तिथल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कित्येक जीव वाचवले. म्हणजे उपाय आहे, तो वेळेत मिळायला हवा. बूट झटकून घालायची सवय शिबिराआधी घरीच लावा.

आता माणसांकडे येते, कारण माझ्या मते सगळं तिथेच ठरतं. मुलं कोणाच्या हवाली करतोय? एका वर्षी आम्हाला 'अनुभवी प्रशिक्षक' सांगितले होते. स्टेशनवर बघते तर नुकती बारावीची परीक्षा दिलेली तीन पोरं. पोरं गोड होती, पण चाळीस मुलांना तिघं! तेव्हापासून मी आकडा लेखी मागते. दहा मुलांमागे एक जाणतं माणूस हा माझा अंदाजपंचे हिशोब, पाणी असेल तर त्याहून बरंच जास्त. मुलींच्या खोलीजवळ रात्री ताई झोपतात का? मुलग्यांच्या खोलीत कोण? कामावरच्या माणसांची पोलीस पडताळणी झाली आहे का? मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्यात मुलगी आणि मुलगा असा भेद नाही, आपल्या मनात मात्र अजून आहे. मुलग्यांबद्दल हे प्रश्न कोणी विचारतच नाही. जाण्याआधी दोघांनाही सांगून ठेवा: कोणी काही गुपित ठेवायला सांगितलं तर ते आपल्या घरात गुपित राहत नाही.

आणि फॉर्म खरा भरा. इथे चूक माझीच. मुलगा आठ वर्षांचा होता, क्वचित रात्री अंथरूण ओलं व्हायचं. 'आरोग्याच्या तक्रारी' या रकान्यात मी 'नाही' लिहिलं. लाज त्याची नव्हती, माझी होती. चार रात्री तो जवळजवळ जागा राहिला, झोप लागली तर काय या भीतीने. परत आला तेव्हा बसमधून उतरतानाच झोपला होता. पुढच्या वर्षी दुसऱ्या शिबिराच्या ताईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, दर बॅचला दोन-तीन असतात. मी अकराला सगळ्यांनाच उठवते." दमा, फिट येणं, शेंगदाण्याची ॲलर्जी, झोपेत चालणं, सगळं लिहा. औषधांवर नाव आणि वेळ घालून पुरचुंडी ताईंच्या हातात द्या, बॅगेच्या तळाशी नको.

घराची आठवण येणार, येऊ दे. फक्त "नाही आवडलं तर लगेच न्यायला येईन" असं वचन देऊ नका, मग मूल पहिल्या संध्याकाळपासून दाराकडेच बघत बसतं. त्याआधी डोंबिवलीच्या मावशीकडे दोन रात्री ठेवून बघा. ती खरी प्रवेशपरीक्षा. फोन जमा करून घेणारं शिबिर चांगलं. रोज फोटो टाकणाऱ्या ग्रुपबद्दल माझं मत वेगळं आहे. साठ आया एकाच वेळी फोटो मोठा करून आपलं पोर कोपऱ्यात का उभं आहे यावर विचार करत बसतात, आणि तिकडचा एक दादा मुलांऐवजी फोनकडे बघत असतो.

हिमालय

मुंबईहून मनालीकडे मुलांना नेणारे बरेच आहेत. बारा वर्षांखाली मी पाठवणार नाही. मनालीच 2,000 मीटरवर आहे, तिथून वर चढताना शरीराला सवय व्हायला दिवस द्यावे लागतात. 3,000 मीटरच्या वर रोज मुक्कामाची उंची साधारण 500 मीटरहून जास्त वाढवू नये असा संकेत आहे. कार्यक्रमपत्रिकेत मुक्कामांची उंची लिहिलेली नसेल, तर ते माहीत करून घ्या नाहीतर सोडून द्या.

आजोळ

याचं पत्रक कोणी छापत नाही. आमचं कुडाळजवळ. तिथे गेलं की मुलं सकाळी करवंदांच्या जाळीत आणि दुपारी पडवीत पत्ते कुटत. महिनाभरात मालवणी येते, जी शिकवायला इथे एकही वर्ग नाही. पैसे तिकिटापुरते.

पण एक गंमत बघा. शिबिरवाल्याला आपण पंचवीस प्रश्न विचारतो आणि मुलांना सत्तरीच्या आजीजवळ बिनकठड्याच्या विहिरीशेजारी निर्धास्त सोडतो. तोच साप, तोच विंचू, तेच पाणी, आणि मुलांमागे जाणती माणसं किती? आईचे गुडघे दुखतात, ती पोरांमागे धावू शकत नाही. तिला "किती दिवस जमेल?" असं विचारलं तर ती "किती पण ठेव" म्हणणार, त्यामुळे तो प्रश्न वहिनीला विचारायचा. आम्ही विहिरीला जाळी बसवून घेतली. वाडीतला कोणी तरुण मुलांना पोहायला नेणार असेल तर त्याचा फोन नंबर आपल्याकडे हवा.

दोघं नोकरीवाले आणि घरी कोणी नाही, तर आजोळ आधी, निवासी शिबिर नंतर, तीन तासांचं शिबिर सगळ्यात शेवटी. घरी आजी असेल तर क्रम नेमका उलटा. एकुलतं एक, बुजरं मूल असेल तर पाचगणीपेक्षा आधी मैदान. फोनला चिकटलेल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला मैदानही पुरत नाही, त्याला डोंगर लागतो. आणि ज्यांचं गाव आता फक्त रेशनकार्डावर उरलंय, त्यांनी एखाद्या मित्राच्या गावी त्यांच्या मुलांबरोबर आठ दिवस पाठवायला लाजू नये. आम्ही दरवर्षी एक जादा पोर घेऊन जातो.

यंदा मोठी पाच दिवस निवासी शिबिराला, धाकटा मल्लखांबाला, मग दोघं कुडाळला असं ठरलंय. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. आठच्या ठोक्याला दोघं दोन लॅपटॉपवर बसलो होतो. कोकणकन्येची तीन तिकिटं पक्की झाली, चौथं वेटिंगवर आहे. ते त्या जादा पोराचं.