डाऊन जॅकेट धुतलं, आता वाळवायचं कुठे: पंख्याखाली की ड्रायरमध्ये?

डाऊन जॅकेट, म्हणजे आत बदकाची नाहीतर हंसाची मऊ पिसं भरलेलं जॅकेट, धुणं हा तासाभराचा मामला आहे. वाळवणं तीन दिवसांचा, आणि ठाण्याच्या हवेत कधी कधी तीनही पुरत नाहीत. म्हणून धुण्याचं थोडक्यात उरकतो. खरा प्रश्न पुढचा आहे: घरीच पंख्याखाली वाळवायचं, की गरम हवेचा टंबल ड्रायर असलेली लॉन्ड्री शोधून तिथे न्यायचं? गेल्या सात-आठ वर्षांत माझं एकच जॅकेट चार वेळा धुऊन झालंय. दोनदा पंखा, दोनदा ड्रायर. चार धुण्यांवर निकाल देऊ नये हे मला कळतं, पण आपल्याकडे वर्षातून एकदा हिमालयात जाणाऱ्याच्या घरी यापेक्षा जास्त धुणी होतही नाहीत.

ड्रायक्लीनिंग मी मोजणीत धरलेलंच नाही. पिसांवर मुळात थोडा तेलकटपणा असतो, त्यावर त्यांचं फुलणं बरंचसं अवलंबून असतं, आणि ड्रायक्लीनिंगची द्रावणं नेमका तोच काढून टाकतात. तुमच्या जॅकेटच्या लेबलवर वेगळं लिहिलं असेल तर अर्थात लेबलचं ऐका.

धुण्यात दोन पंथ आहेत, टबवाले आणि मशीनवाले. फ्रंट लोड असेल तर मशीनला माझी काहीच हरकत नाही. डेलिकेट सायकल, ३० अंश, आणि एक खळबळणं जास्तीचं. साबणाचा कप्पा आधी धुऊन घ्या, तिथे रोजच्या पावडरीचा थर बसलेला असतो. टॉप लोडमध्ये मधोमध दांडा असेल तर नकोच. दांडा नसला तरी जॅकेट हवा धरून पुरीसारखं वर तरंगत राहतं आणि मशीन बिचारं खालचं पाणी ढवळत बसतं. मी स्वतः टबवाला आहे. मुलाच्या लहानपणीचा आंघोळीचा टब आहे, त्यात कोमट पाणी. टबचा फायदा एकच, मळ डोळ्यांनी दिसतो. हिमालयातल्या रुपीन पासच्या ट्रेकहून आल्यावरचं पहिलं पाणी अगदी टपरीवरच्या चहाच्या रंगाचं होतं. ते पाहिल्यावर समाधान वाटतं, त्याला काय करणार.

साबणाबद्दल मात्र जरा कर्मठ व्हा. पीस म्हणजे केराटिन, आपले केस आणि लोकर यांचंच भावंड. प्रथिनांचे डाग खाणारी एन्झाइमवाली पावडर त्याला सोसत नाही, आणि कंडिशनर तर अजिबात घालू नये. निकवॅक्सचा किंवा ग्रेंजर्सचा डाऊनसाठीचा साबण ऑनलाइन मिळतो. महाग आहे, पण बाटली वर्षानुवर्षं पुरते. एकदा तो संपला म्हणून लोकरीच्या कपड्यांचं इझी वापरलं. बिघडलं काही नाही, पण फेस जाता जाईना. सात पाण्यांतून काढलं तेव्हा कुठे संपला. घोडबंदर रोडला आमच्यासारखं टँकरवर जगणाऱ्यांनी या सात पाण्यांचा हिशेब आधीच करावा.

आणि ओलं जॅकेट खांद्याला धरून उचलू नका. आतल्या कप्प्यांच्या भिंती पातळ असतात, आणि पाणी प्यायलेल्या पिसांचा गोळा जड असतो. आतल्या आत शिवण उसवली की पिसं एका कप्प्यातून दुसऱ्यात उतरतात, मग ती परत कोण चढवणार? न्हाऊ घातलेलं बाळ उचलतात तसं दोन्ही हात खालून घालायचे. पिळायचं नाही, नुसतं दाबायचं. मग मशीनमध्ये हलक्या स्पिनवर दोनदा फिरवून घ्यायचं. धुणं संपलं.

आता पंखा.

पहिल्यांदा धुतलं ते फेब्रुवारीत. ठाण्यात हवा त्यातल्या त्यात कोरडी असते ती याच दिवसांत. जॅकेट आडव्या स्टँडवर पसरलं, वर पंखा पाचवर. अर्ध्या तासात वरचं कापड खडखडीत कोरडं. मला वाटलं झालंच की! हात लावला तर आत सुपारीएवढे गोळे. उजेडासमोर धरलं की प्रत्येक कप्प्यात खालच्या शिवणीला एक काळसर ठिपका आणि बाकीचा कप्पा रिकामा, आरपार दिसणारा. अडीच हजार रुपयांचा रेनकोट केला मी याचा, असंच वाटलं.

माझ्या जॅकेटवर ६५० फिल पॉवर लिहिलंय. म्हणजे एक औंस, जेमतेम २८ ग्रॅम डाऊन नीट फुललं तर ६५० घनइंच जागा अडवतं. लिटरमध्ये सांगायचं तर साडेदहा, आंघोळीची लहान बादली काठोकाठ. ऊब त्या पिसांची नसते, त्यांनी अडवून धरलेल्या हवेची असते. गोळा झाला की बादलीची सुपारी होते, आणि ती नुसती वाळून भागत नाही, तिची परत बादली व्हावी लागते.

ते काम बोटांनी करायचं. दर तासा-दोन तासांनी एकेक कप्पा चिमटीत धरून, कापडाच्या बाहेरूनच, गोळा कुस्करायचा. आधी मोठा फोडायचा, मग त्याचे लहान, मग त्या लहानांचे धागे. माझ्या जॅकेटला बाह्या धरून साठेक कप्पे असतील. आई दोनदा बघून गेली आणि तिसऱ्यांदा म्हणाली, "मटार सोलायला बसलायस का रे?" तिच्या मते हे सगळं गच्चीवर कुरडयांशेजारी टाकलं असतं तर एका दुपारीत कडकडीत झालं असतं. कापड झालं असतं, यात शंका नाही. गोळे तसेच राहिले असते, फक्त कडक.

तरी फेब्रुवारीतलं ते वाळवण जमलं, हे कबूल करतो. अडीच दिवस लागले, बोटं दुखली, पण जॅकेट पूर्ववत झालं आणि खर्च शून्य. तुमचा ट्रेक डिसेंबर-जानेवारीचा असेल, केदारकंठा वगैरे, आणि घरी कुणी बसणारं असेल, तर पंख्यावर फुली मारायचं मला काही कारण दिसत नाही.

माझी गोष्ट फिसकटली ती जूनमध्ये. रुपीनहून परतलो, सुट्टी संपायच्या आत म्हणून ८ तारखेला जॅकेट धुतलं. मुंबईत मान्सून पोहोचण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ११ जून, आणि त्या वर्षी पावसाने ती पाळली. तीन दिवस पंखा, तीन दिवस कुस्करणं. चौथ्या दिवशी जॅकेट हाताला कोरडं, बऱ्यापैकी फुगलेलं. कपाटात ठेवलं. पंधरा दिवसांनी बायकोने कपाट उघडलं आणि विचारलं, "यात कोंबडी कुणी ठेवलीय?"

माझा निर्णय झाला तो या एका गोष्टीवर. पंख्याखाली जॅकेट वाळलंय की वाळल्यासारखं वाटतंय, ते कळत नाही. नायलॉन हाताशी खोटं बोलतं. कापड कोरडं, पिसं गार. आणि पिसं ओली आहेत म्हणून गार लागतात की नुसतीच गार आहेत, हे पावसाळी हवेत सगळंच गार आणि दमट असताना बोटांना कसं कळावं? माझा एक मित्र धुण्याआधी जॅकेटचं वजन करून ठेवतो आणि ते ग्रॅमवर परत येईपर्यंत पंखा बंद करत नाही. त्याची चिकाटी मोठी आहे. मी कॉलरला नाक लावतो, आणि त्या जूनमध्ये नाकसुद्धा फसलं. ओल्या कोंबडीच्या वासाचं जॅकेट पुन्हा धुवावं लागलं. म्हणजे सात पाणी, साठ कप्पे, सगळं पहिल्यापासून.

तेव्हा ड्रायर शोधायला निघालो. इथे शब्दांचीच एक गंमत आहे. आपल्याकडे सेमी ऑटोमॅटिक मशीनच्या गरगर फिरणाऱ्या दुसऱ्या टबलाही 'ड्रायर'च म्हणतात. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापासून दोन लॉन्ड्र्यांपर्यंत सगळ्यांनी "ड्रायर आहे ना साहेब" म्हणून तोच टब दाखवला. तुम्ही विचारताना "गरम हवेचा, कपडे उलटेपालटे करणारा" असं विचारा. नेरुळच्या मित्राकडे घरचं वॉशर-ड्रायर आहे, तेही करून पाहिलं. या एकत्र मशीनची वाळवण्याची क्षमता धुण्याच्या क्षमतेपेक्षा कमी असते आणि ड्रम लहान. जॅकेट त्यात उसळत नाही, नुसतं लोळतं. बाहेरून गरमागरम, आत सुपाऱ्या. त्याच्या सोसायटीत विजेचं बिल त्यानेच भरलं म्हणून मी फार बोललो नाही.

मोठ्या ड्रमचा ड्रायर मिळाला तो एका सेल्फ सर्व्हिस लॉन्ड्रीत. जाताना गल्ली क्रिकेटचे तीन टेनिस बॉल न्यायचे, जुन्या मोज्यांत बांधून, म्हणजे रंग लागत नाही. हे बॉल म्हणजे आपला पिंजारी. लहानपणी चाळीत तो धनुकलीची तार टणटणवत यायचा आणि दडपलेल्या गादीचा कापूस अंगणभर फुलवून जायचा. इथे ड्रम फिरतो, बॉल वरून आदळतात, गोळा फुटतो, गरम हवा आत शिरते, पुन्हा आदळतात. आवाज मात्र असा होतो की बाजूचे लोक मशीनमध्ये चपला टाकल्या का म्हणून वाकून बघतात. पहिल्या चाळीस मिनिटांत काहीही होत नाही, घाबरू नका. दीड तासाने काचेतून दिसतं की जॅकेट फुगायला लागलंय. अडीच तासांनी बाहेर काढलं तेव्हा ते दोन्ही हातांत मावत नव्हतं. वाळलंय का, हा प्रश्नच पडला नाही. साडेतीनशे रुपये पडले.

ड्रायरची बाजू एवढी निर्मळ नाही, तेही सांगतो. पहिल्या वेळी मी जॅकेट तिथल्या मुलावर सोपवून भाजी आणायला गेलो. 'लो' वर ठेव, असं बजावलं होतं. परत आलो तर 'हाय' वर. "लो वर दुपार गेली असती साहेब." डाव्या बाहीवर रुपयाच्या नाण्याएवढा ठिपका चकाकत होता, पिशवीला निरांजनाची धग लागावी तसा आकसलेला. तो अजून आहे. आधीच्या कुणाच्या तरी कपड्यांचा गुलाबी वासही जॅकेटला महिनाभर होता. म्हणून दुसऱ्या वेळी पुस्तक घेऊन मशीनसमोरच बसलो, दर चाळीस मिनिटांनी जॅकेट काढून झटकलं, उलटं केलं, परत टाकलं. अडीच तास फुकट गेले असं म्हणता येईल. पण त्यासमोर तीन दिवसांची मटारसोलणी आहे, आणि तिच्या शेवटीही खात्री नाही.

जवळपास असा ड्रायर नसेल आणि पावसाळा तोंडावर असेल, तर एक मधला मार्ग आहे: बेडरूम बंद, एसी 'ड्राय' मोडवर, खाली पंखा. एसी हवेतलं पाणी ओढून बाहेर टाकतो, त्यामुळे पंख्याला निदान कोरडी हवा तरी मिळते. मी एक रात्र करून पाहिलंय, फरक निश्चित जाणवला. गोळे बोटांनीच फोडावे लागले ते वेगळं. आणि हॉलमध्ये झोपलेल्या बायकोचा प्रश्न होता, "जॅकेटला एसी आणि मला पंखा?" पुढच्या रात्री प्रयोग बंद.

वाळल्यावर मात्र जॅकेट लगेच त्याच्या छोट्या पिशवीत कोंबू नका. दोन दिवस हॅंगरवर सैल राहू द्या. मग जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, वर काही न ठेवता.

यंदा मेमध्ये जाऊन आलो, पण जॅकेट धुतलं नाही. मळ होता तो कॉलरला आणि मनगटांना, सनस्क्रीन आणि घामाचा. तेवढाच भाग मऊ टूथब्रशने साबण लावून, ओल्या फडक्याने चार वेळा पुसून काढला. पिसांपर्यंत पाणी पोहोचलंच नाही. संध्याकाळपर्यंत वाळलं, पंख्याखालीच.